उपाशी सापाला आधी ऊब, मग अन्न

वाचकाचं पत्र, थोडक्यात : ओळखीचं एक कुटुंब घर बदलत होतं आणि त्यांना आपला कॉर्न स्नेक नकोसा झाला होता. टाकीच्या कोपऱ्यात पडून राहिलेला तो साप बघवेना, म्हणून या वाचक भगिनी तीन आठवड्यांपूर्वी त्याला टाकीसकट घरी घेऊन आल्या. लांबी साधारण 110 सेंटिमीटर, वजन जेमतेम 240 ग्रॅम. पाठीचा कणा वर आलेला, अंगावर जुन्या कातीचे तुकडे, डोळे धुरकट, पोटाखाली एक तपकिरी चट्टा. तिसऱ्या दिवशी त्याने एक मोठा उंदीर खाल्ला आणि पाचव्या दिवशी ओकून टाकला. त्यानंतर तीनदा उंदीर दिला, पण त्याने ढुंकून पाहिलं नाही. हीट मॅटनेच (टाकीखाली लावायच्या, विजेवर तापणाऱ्या चटईनेच) तो चट्टा पडला असावा, या भीतीने त्या रोज रात्री आणि बाहेर जाताना मॅट बंद करतात. सकाळ-संध्याकाळ त्याला कोमट पाण्यात ठेवतात. नऊ वर्षांची मुलगी ‘त्याला एकटं वाटू नये’ म्हणून त्याला रोज हातात घेऊन बसते. पक्षी पाळणारी एक मैत्रीण सिरिंजने अन्न भरवायला सांगते, तर नवऱ्याचं म्हणणं, जाणत्या माणसाला देऊन टाक. त्यांचे प्रश्न दोन : याला खायला कसं लावू? आणि दुसऱ्या कुणाला दिला, तर मीही त्याला टाकून दिल्यासारखंच होईल ना?

तुम्ही लिहिलंय की साप हातात घेतला की मनगटाला घट्ट पकड घालतो, जीभ सारखी आत-बाहेर करतो आणि रात्री स्वतःहून पाण्याच्या भांड्याशी जातो. पत्रातल्या या तीन गोष्टी वाचून मला धीर आला. मरायला टेकलेला साप ढिला पडतो, उचलला तर दोरीसारखा लोंबतो. तुमचा साप अशक्त आहे, आजारीही असेल, पण त्याच्यात जीव तगवायची ताकद शिल्लक आहे. म्हणून आज रात्रीच काहीतरी पोटात गेलं पाहिजे, ही धास्ती आधी सोडा. कॉर्न स्नेकला आपल्यासारखं रोजचं जेवण लागत नाही. धडधाकट वयस्क साप काही आठवडे, प्रसंगी त्याहूनही जास्त काळ उपाशी राहून सुखरूप असतो.

तुम्ही विचारताय, त्याला खायला कसं लावू? त्याच्याआधी दुसरं एक विचारायला हवं : खाल्लेलं पचवण्याच्या स्थितीत तो आहे का? तुमच्याच पत्रावरून दिसतं की अजून नाही. त्याने तो उंदीर का ओकला, यात मला काही गूढ वाटत नाही. मोठा उंदीर 25 ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा. सुदृढ सापाला एवढं जेवण सहज पचतं, या सापाला ते जड होतं. दुसरं, मॅट रात्री बंद होती. सापाच्या शरीराची ऊब बाहेरून येते, आणि जठररसांचं काम त्या उबेवरच चालतं. एक उंदीर पचायला तीन-चार दिवस लागतात. तेवढा वेळ ऊब सलग मिळाली नाही, तर पचण्याआधीच उंदीर पोटात सडायला लागतो आणि साप तो बाहेर टाकतो. तिसरं, जेवणाच्या दुसऱ्याच दिवशी मुलीने त्याला हातात घेतलं. खाल्ल्यानंतर किमान 48 तास सापाला हात लावायचा नसतो.

म्हणजे जुन्या घराच्या आठवणीने तो खात नाहीये, असं जे तुम्हाला वाटतंय, ते मनातून काढून टाका. माणसाच्या विरहाने साप अन्न सोडतो असं मानायला काही आधार नाही. गारठा, वेदना, उघड्यावर असल्याची भीती, परजीवी, कात टाकायची वेळ, अशा कारणांनी तो अन्न सोडतो. ही कारणं शोधता येतात आणि बहुतेक दूरही करता येतात.

उलटी झाली की पोटातलं आम्ल, पाणी आणि क्षार एकदमच बाहेर जातात आणि घशाच्या आतल्या नाजूक अस्तराला इजा होते. म्हणून त्यानंतर 10 ते 14 दिवस काहीच द्यायचं नाही, हा जाणत्या पाळणाऱ्यांचा साधा नियम आहे. त्या काळात तुम्ही तीनदा उंदीर पुढे केलात आणि त्याने तो घेतला नाही, हे बरंच झालं. शिवाय खूप दिवस उपाशी असलेल्या शरीरात एक वेगळाच धोका असतो. ते आपलीच चरबी आणि स्नायू झिजवून जगत असतं. अचानक मोठं जेवण मिळालं की पेशी रक्तातला फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने ओढून घेतात, रक्तात त्यांचा तुटवडा पडतो आणि हृदयावर ताण येतो. डॉक्टर याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. माणसांत होतो, तसा प्राण्यांतही होतो. विझत आलेल्या चुलीत मोठा ओंडका घातला तर उरलेली धगही जाते, आधी काटक्याच घालाव्या लागतात.

मैत्रिणीचा सिरिंजचा सल्ला मायेपोटी आलाय हे खरं, पण कृपा करून तसं करू नका. सापाच्या श्वासनलिकेचं तोंड घशात खोल नसतं, खालच्या जबड्यात अगदी पुढे असतं. तोंड उघडलं की ते छोटं छिद्र डोळ्यांनी दिसतं. सिरिंजमधलं पातळ अन्न तिकडे गेलं की थेट फुप्फुसात. जबडा आणि दात दुखावतात ते वेगळंच. नळीने द्रव किंवा अन्न द्यायची वेळ येतेही कधी, पण ते सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याच्या हातून.

आता उबेबद्दल, कारण माझ्या मते सगळी गाठ इथेच आहे. पोटाखालचा चट्टा भाजल्याचा असावा, हा तुमचा अंदाज मला पटतो. तपासून खात्री डॉक्टर करतील. पोटाखालची जागा चटका बसण्याइतकी तापली, तरी साप बऱ्याचदा तिथून हलत नाही. टाकीत दुसरी उबदार जागाच नसेल, तर नाहीच नाही. तुमची भीती रास्त आहे, पण मॅट बंद करून ती भीती तेवढी गेली, सापाची ऊबही गेली. यावर उपाय थर्मोस्टॅट. त्याचा सेन्सर मॅट आणि टाकीचा तळ यांच्यामध्ये, किंवा साप जिथे अंग टेकतो तिथे पक्का बसवायचा. तापमान ठरलेल्या आकड्याच्या वर गेलं की वीज आपोआप तुटते, आणि मग मॅट चोवीस तास निर्धास्त चालू ठेवता येते. थर्मोस्टॅट नसलेली मॅट कुठल्याही सापाखाली लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

टाकीच्या उबदार टोकाला तळाशी 29 ते 31 अंश सेल्सियस आणि थंड टोकाला 23 ते 25 अंश, एवढं ठेवा. दोन्ही टोकांना वेगवेगळा डिजिटल थर्मामीटर लावा. ‘हात लावला की कोमट लागते’ असं तुम्ही लिहिलंय, पण हाताचा अंदाज इथे चालत नाही. आपल्या तळव्याला जे कोमट लागतं, ते त्याला कमीही असू शकतं आणि पोळण्याइतकं जास्तही. दोन्ही टोकांना एकेक लपायची जागा हवी. ती अंगाला घासेल इतकी अरुंद असली की साप निवांत होतो. उबेच्या बाजूलाच आडोसा असेल तर तो नको इतकं गरम होऊनही तिथेच दबून बसतो, आणि थंड बाजूलाच असेल तर गारठूनही बाहेर येत नाही. तळाला सध्या भुसा, माती, लाकडाचा चुरा काही नको, साधे पेपर टॉवेल अंथरा. भाजलेल्या जागेला घाण चिकटणार नाही, विष्ठा लगेच दिसेल, आणि अंगावर माइट्स (रक्त पिणारे बारीक किडे) असतील तर ते काळे ठिपके पांढऱ्या कागदावर लपणार नाहीत. देवदाराचा भुसा तर पुढेही कधी वापरू नका, त्याच्या तेलाचा वास सापाला घातक असतो.

दिवसातून दोनदा पाण्यात ठेवणं थांबवा. दर वेळी त्याला उचलायचं, अनोळखी भांड्यात सोडायचं, पुसायचं, परत ठेवायचं, यात तो थकतो, आणि भाजलेली कातडी भिजून फुगते. अंगाला सुरकुत्या, आत गेलेले डोळे, तोंडात चिकट लाळ, विष्ठेबरोबरचा पांढरा भाग खडूसारखा कडक, ही शरीरातलं पाणी कमी झाल्याची लक्षणं. ती दिसली तर डॉक्टर द्रव टोचून देऊ शकतात. एरवी वेटोळं घालून बसता येईल एवढं रुंद भांडं आणि रोज ताजं पाणी पुरे. पाण्यात काही मिसळू नका.

कात आणि डोळे यांची घाई नको, फक्त एक जागा सोडून. शेपटीच्या टोकाला जुन्या कातीची कडी अडकली असेल तर तिच्याकडे आधी बघा. प्रत्येक कातीबरोबर तिथे एक थर वाढत जातो, कडी आवळत जाते, रक्त पुढे पोहोचत नाही आणि शेपटीचं टोक काळं पडून मरतं. बाकी अंगासाठी एक झाकणाचा डबा घ्या, बाजूला साप जाईल एवढं भोक पाडा, आत पिळून घेतलेले ओले पेपर टॉवेल किंवा ओलं शेवाळ ठेवा आणि डबा टाकीत ठेवून द्या. त्याला हवं तेव्हा तो आत जाईल. दमट हवेत कात सैल होते आणि खरखरीत जागेला अंग घासून तो ती स्वतः सोडवतो. टाकीतली आर्द्रता 40 ते 60 टक्के असू द्या, कात टाकायच्या दिवसांत थोडी जास्त.

डोळ्यांना चिमटा लावू नका. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो आणि कातीबरोबर त्याचाही वरचा थर निघतो. दोन्ही डोळे सारखेच निळसर-दुधाळ दिसत असतील आणि अंगाचा रंगही मळकट झाला असेल, तर तो बहुधा नवी कात टाकायच्या तयारीत आहे. काही दिवसांत डोळे पुन्हा स्वच्छ होतील आणि त्यानंतर कात पडेल. या काळात अनेक साप खात नाहीत, हेही ध्यानात असू द्या. एकच डोळा धुरकट असेल, किंवा डोळ्यावर सुरकुतल्यासारखा थर असेल, तर जुना थर राहिलाय. तो ओढून काढताना खालचा खवला फाटला तर डोळाच जाऊ शकतो. कात पडली की तिचा डोक्याकडचा भाग पाण्यात हलकेच उलगडून उजेडासमोर धरा. दोन्ही डोळ्यांच्या जागी दोन गोल, पारदर्शक, किंचित फुगीर चकत्या दिसल्या पाहिजेत. तिथे भोक दिसलं, तर तो थर अजून डोळ्यावरच आहे. पुढच्या कातीपर्यंत दमटपणा सांभाळून थांबा, तेव्हाही निघाला नाही तर डॉक्टर काढतील. भाजल्यानंतर साप नेहमीपेक्षा लवकर लवकर कात टाकतात आणि प्रत्येक कातीबरोबर जखम थोडी भरत जाते. पूर्ण भरायला काही महिने लागतील.

डॉक्टरांकडे जाणं मात्र लांबवू नका. जाताना ताज्या विष्ठेचा नमुना डबीत घेऊन जा आणि टाकीचा, थर्मामीटरचे आकडे दिसतील असा फोटो काढून न्या. अर्धं निदान त्या फोटोतच होतं. परजीवींसाठी विष्ठेची तपासणी, तोंडाची आतून तपासणी आणि जखमेला औषध, हे तिन्ही मागून घ्या. माणसांची मलमं, विशेषतः बधिर करणारी, आपल्या मनाने लावू नका. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, नाकपुड्यांशी बुडबुडे, हिरड्यांवर चीजसारखा पिवळट पू, पाठीवर ठेवला तर सुलटा न होणं, मान वाकडी करून वर बघत राहणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी गाठा. छोटं जेवणही पुन्हा ओकला, तर क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीची खास तपासणी करायला सांगा. त्याने जठराचं अस्तर सुजतं, अंगाच्या मधोमध फुगवटा दिसतो. त्याच्यावर खात्रीचा इलाज नाही, नेहमीच्या जंतुनाशकांनाही तो दाद देत नाही. म्हणूनच ज्यांच्या घरात आधी एखादा साप आहे, त्यांनी सोडवून आणलेला साप किमान 90 दिवस वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी आणि वेगळा चिमटा वापरून ठेवावा. सामान एकत्र वापरलं तर नव्याला वाचवताना जुनाही हातचा जातो.

आता तुमच्या लेकीबद्दल. तिचं मन मला फार आवडलं. सापासारख्या प्राण्याला ‘एकटं वाटेल’ असा विचार करणारं मूल पुढे प्राण्यांचा उत्तम सांभाळ करतं. पण तिला खरं सांगा : साप एकटा असतो तेव्हाच निर्धास्त असतो. कॉर्न स्नेक निसर्गात एकटाच राहतो आणि त्याच्या मागावर असणारे प्राणी त्याला वरून झडप घालून उचलतात. आपण उचलतो तेव्हा तो आधी धोकाच ओळखतो. तो हातात शांत बसतो याचा अर्थ त्याला बरं वाटतंय, असा दर वेळी नसतो. आठवडाभर त्याला कुणीच हातात घेऊ नये, टाकीला तीन बाजूंनी कागद लावावा, खोलीत वर्दळ कमी ठेवावी. लेकीला खरं काम द्या. एका वहीत रोज दोन्ही टोकांचं तापमान, आर्द्रता, पाणी बदलल्याची वेळ, कात, विष्ठा तिने लिहावी. आठवड्यातून एकदा तुम्ही सापाला झाकणाच्या डब्यात ठेवून डिजिटल काट्यावर वजन करा, आकडा तिने वहीत चढवावा. सापाशी आलेल्या प्रत्येक संपर्कानंतर साबणाने हात धुवायचेच, कारण निरोगी दिसणाऱ्या सापाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असू शकतो. टाकीची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका. घरात पाच वर्षांखालचं मूल, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कुणी असेल, तर त्यांनी साप आणि टाकी दोन्हींपासून लांब राहिलेलं बरं.

तापमान सलग आठवडाभर स्थिर राहिलं आणि डॉक्टरांनी हो म्हटलं, की पहिलं जेवण. 7 ते 10 ग्रॅमचं, अंगभर केस आलेलं उंदराचं पिल्लू (विकणारे त्याला हॉपर म्हणतात) या सापाला भरपूर आहे. गोठवलेलंच घ्या. जिवंत उंदीर चावतो, आणि अशक्त साप स्वतःला वाचवू शकत नाही. रात्रभर फ्रिजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा, बाहेरून आपल्या अंगाइतकं उबदार लागेपर्यंत. मायक्रोवेव्हमध्ये नको, आतून शिजतं आणि फाटतं. दिवे मालवल्यावर लांब चिमट्याने त्याच्या आडोशाच्या तोंडाशी हळूच हलवा. तोंडासमोर नाचवू नका. पाच मिनिटांत घेतलं नाही, तर तिथेच ठेवून दार ओढून घ्या आणि सकाळपर्यंत बघायलाही जाऊ नका. घेतलं तर पुढचे दोन-तीन दिवस टाकीत हात घालायचा तो फक्त पाण्यासाठी. पहिली तीन-चार जेवणं याच मापाची, साधारण दर आठवड्याला. ती पोटात राहिली की माप थोडं थोडं वाढवायचं. नाही घेतलं तर पुन्हा आठवड्याने. त्याने नकार दिला तरी वजन टिकून असेल तर काळजी नको. वजन उतरतच राहिलं तर डॉक्टर.

एक विनंती तुम्हाला कदाचित रुचणार नाही. आधीच्या मालकाला फोन करा. ‘त्या माणसाचं तोंडही बघायचं नाही’ असं तुम्ही लिहिलंय. राग मी समजू शकते. पण साप वाळत जातो तो फार हळू आणि अगदी गुपचूप, ओरडत नाही, कण्हत नाही, आणि रोज बघणाऱ्याच्या ते नजरेतून सुटतं. त्या घरात क्रूरपणा होता की अज्ञान, हे तुम्हाला आणि मला माहीत नाही. त्याच्याकडे मात्र अशी माहिती आहे जी दुसऱ्या कुणाकडेच नाही : शेवटचं कधी खाल्लं, काय खायचा, जिवंत की गोठवलेलं, याआधी ओकला होता का, कात अखंड पडायची का, वय किती. जन्मभर जिवंत उंदरांवर वाढलेला साप गोठवलेला उंदीर ओळखतच नाही, हे कळलं तर तुमचे महिने वाचतील. दोष न देता विचारलंत तर बहुतेक माणसं सांगतात.

राहिला ठेवायचं की द्यायचं हा प्रश्न. जाणत्या माणसाला देणं म्हणजे टाकून देणं, हे मला मान्य नाही. तुम्ही त्याच्यासाठी जे करायचं ते केलंत, पुढचं कुणी जास्त चांगलं करू शकत असेल तर त्याच्या हाती देणं हाही सांभाळच आहे. पण तुमच्या नवऱ्याचं म्हणणं बरोबर असलं, तरी वेळ चुकीची वाटते. अशक्त सापाला पुन्हा नवं घर, नवे वास, नवा प्रवास म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चार-पाच जेवणं पोटात टिकली, तपासणी स्वच्छ आली, वजन चढू लागलं, की मग दोघांनी बसून ठरवा. याला एकच अपवाद : डॉक्टरांचा खर्च किंवा चोवीस तास ऊब देणं तुम्हाला आत्ताच झेपणारं नसेल, तर अनुभवी माणसाकडे लगेच द्या आणि त्याचं ओझं मनावर ठेवू नका.

ठरवताना हेही धरा की नीट सांभाळलेला कॉर्न स्नेक 15 ते 20 वर्षं जगतो, कधी त्याहून अधिक. तुमची लेक तोवर घराबाहेर पडलेली असेल, तेव्हा साप तुमचाच असेल. फ्रीझरमध्ये उंदीर ठेवणं घरातल्या सगळ्यांना चालणार आहे का, गावाला जाताना टाकी कोण बघणार, हे आत्ताच मोकळेपणाने बोला. राहत्या ठिकाणी हा साप पाळायला नोंदणी किंवा परवाना लागतो का, तेही तपासून घ्या. रानात सोडणं हा पर्याय धरूच नका. तो मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. इतरत्र तो मरेल तरी, किंवा काही कॅरिबियन बेटांवर झालंय तसा रुजेल आणि तिथल्या पक्ष्यांच्या, सरड्यांच्या मुळावर येईल.

द्यायचंच ठरलं, तर घेणाऱ्याची टाकी आधी जाऊन बघा, थर्मोस्टॅट आहे का ते विचारा, आणि सापाबरोबर लेकीची वही, तपासणीचे कागद आणि त्याचा सवयीचा आडोसा द्या. तो आडोसा न धुता द्या, त्याच्या वासाने साप नव्या जागी लवकर स्थिरावतो. पहिल्या महिन्यात चौकशीला फोन केला तर चालेल ना, हेही आधीच विचारून ठेवा.